गावाची माहिती चकतीत कोंडू नका

"कागद कशाला वाया घालवता? सीडीत टाकून द्या." गेली वीस-पंचवीस वर्षे हे वाक्य तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत आणि मुख्याध्यापकांच्या खोलीपासून विद्यापीठाच्या परिसंवादापर्यंत ऐकू येते आहे. सीडी मागे पडली तेव्हा तिच्या जागी पेन ड्राइव्ह आला, मग लिंक आली, आता क्यूआर कोड आला. वाक्य मात्र तेच राहिले. छापील प्रत मागणारा माणूस प्रगतीच्या आड येतो, हे गृहीत धरूनच ते उच्चारले जाते. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो का येतो हे भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत बसून सविस्तर सांगितले पाहिजे.

आधी समोरच्या बाजूचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडू. एका सीडीत सातशे मेगाबाइट माहिती मावते. नुसता मजकूर असेल तर शेकडो ग्रंथ. ती तयार करायला थोडे रुपये लागतात आणि पाठवायला एक पाकीट पुरते. तिला वाळवी लागत नाही. तिच्यात शब्द टाकला की हवे ते सापडते. तिच्यापायी झाड तोडावे लागत नाही. हव्या तेवढ्या प्रती काढा, प्रत्येक प्रत मुळाबरहुकूम. उलट छापील अहवाल छापखान्यात अडकतात, गोदामात कुजतात आणि ग्रंथालयात पोहोचले तरी त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणून शासनाने, विद्यापीठांनी आणि संस्थांनी छपाई थांबवावी, माहिती चकतीवरून वाटावी, यातच शहाणपण आहे.

यातल्या एकेका विधानाला उत्तर आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे, जो ही मंडळी कधीच विचारत नाहीत. ही माहिती कोणाची?

जनगणनेचा गणक आपल्या दारात येतो. घरात माणसे किती, शिकलेली किती, धानाची बांधी स्वतःची की दुसऱ्याच्या बांधीत मजुरी, पिण्याचे पाणी कुठून आणता, हे सगळे आपण त्याला सांगतो. आपल्या आज्याही सांगत आल्या. लाखनी, मुरमाडी, पोहरा, पालांदूर, सालेभाटा, प्रत्येक गावातून ही माहिती गोळा होते आणि वर जाते. ती खाली परत येते का? १९५१च्या जनगणनेपासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या. त्यांत गाववार यादी असे: गावाचे क्षेत्र, लोकसंख्या, शाळा, टपाल, पाणी, वीज. पुस्तिका जाड असे, भाषा इंग्रजी असे, हे खरे. तरी ती टेबलावर उघडली की आपले गाव बोटाने शोधता येत होते, त्याच्यापुढचे आकडे वाचता येत होते आणि हा आकडा खोटा आहे असे म्हणताही येत होते. १९९१चे तक्ते फ्लॉपीवर मिळू लागले. २००१चे तक्ते सीडीवर विकले गेले. २०११च्या पुस्तिका संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात आहेत.

भंडारा जिल्ह्यासाठी याचा अर्थ काय झाला ते पाहा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाला. लहान झालेल्या नव्या भंडारा जिल्ह्याची पहिली जनगणना २००१ची. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे नवे चित्र लोकांच्या हाती येण्याची वेळ आली, आणि नेमके तेव्हाच ते चित्र चकतीवर गेले. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८चे आहे. महाराष्ट्र शासनाचे सुधारित गॅझेटिअर १९७९चे आहे. यांची छापील प्रत जिथे असेल तिथे ती आजही उघडते आणि वाचता येते. २००१ची सीडी घेऊन मात्र लाखनीत तुम्ही कोणाच्या दारात जाल? आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नसतो. एकशे सतरा-अठरा वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडते आणि पंचवीस वर्षांपूर्वीची चकती उघडत नाही. एवढ्यावरच हा वाद मिटायला हवा होता. तो मिटत नाही, म्हणून हा लेख.

माझा आग्रह एकच आहे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत मिळाली पाहिजे, आणि मध्ये कोणतेही यंत्र न येता वाचता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे. चकती जरूर काढा, संकेतस्थळ जरूर चालवा. पण कागदाच्या जोडीने, कागदाच्या ऐवजी नव्हे.

आता स्वस्ताईचा हिशेब घेऊ. सीडी स्वस्त आहे, पण कोणाला? काढणाऱ्याला. छापील पुस्तिकेचा सगळा खर्च प्रकाशक एकदाच करतो आणि वाचणाऱ्याला फक्त डोळे लागतात. सीडीत प्रकाशकाचा खर्च उतरतो आणि तोच खर्च वाचणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. संगणक त्याने घ्यायचा, विजेचे बिल त्याने भरायचे, वीज जाईल तेव्हा थांबायचे त्याने, फाइल उघडणारी प्रणाली त्याने मिळवायची, आणि एवढे करून शेवटी ग्रामसभेत दाखवायला दोन पाने कागदावर छापून आणायची तीही त्यानेच. शंभर गावांत शंभर वेळा होणारा हा खर्च कुठल्याच कचेरीच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणायचे का? हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडा.

इंग्लंडने हा अनुभव आपल्या आधी घेतला. १०८६ साली विजेत्या विल्यमने आपल्या राज्यातल्या गावांची, जमिनींची, गुराढोरांची मोजदाद करून घेतली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने नवी डूम्सडे करायची ठरवली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची वर्णने लिहिली, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हात त्याला लागला. हे सगळे मोठ्या लेझर चकत्यांवर भरले गेले. त्या चकत्या वाचणारे यंत्र काही हजार पौंडांचे होते. ज्या शाळांनी माहिती लिहून दिली, त्यांतल्या बहुतेकींना ते परवडले नाही. मुलांनी लिहिलेले मुलांना दिसले नाही. पुढे पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रेच दुर्मीळ झाली, आणि २००२च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांना त्या चकत्यांतला मजकूर वाचवण्यासाठी खास खटपट करावी लागली. १०८६ची मूळ वही कागदावर नसून मेंढीच्या कातड्यावर आहे, पण ती लंडनमधल्या अभिलेखागारात आजही वाचता येते. बीबीसीकडे पैसा होता, तंत्रज्ञ होते, नंतर विद्यापीठे मदतीला धावली. आपल्या तालुक्याची सीडी वाचवायला कोण धावणार आहे?

वाळवीचा मुद्दा तर प्रत्येक वादात पहिल्या झटक्याला येतो. कागदाला वाळवी लागते, कसर लागते, पावसात ओल धरते, हे मला कोणी सांगायला नको. झाडीपट्टीचा पावसाळा आम्ही दरवर्षी पाहतो. पण चकती टिकते हे कोणी ठरवले? कार्यालयात भरून दिली जाते ती सीडी रंगद्रव्याच्या थरावर लेझरने खुणा करून लिहिलेली असते. तो रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने बिघडतो. लोक चकचकीत बाजू जपतात, पण माहितीचा थर असतो तो लेबलाच्या बाजूला, लाखेसारख्या पातळ लेपाखाली. त्यावर बॉलपेनने दाबून नाव लिहिले तरी इजा होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या अनुभवावरून अशा चकत्यांचे भरवशाचे आयुष्य दोन ते पाच वर्षे सांगितले आहे, उत्पादक कितीही दशकांचा दावा करोत. हे वातानुकूलित खोल्यांच्या देशातले माप. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि सीडी पत्र्याच्या कपाटात असते.

आणखी एक फरक आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कागद हळूहळू आणि डोळ्यांदेखत मरतो. कोपरा कुरतडला गेला तर उरलेले पान वाचता येते, आणि वाळवी दिसली की माणूस उपायही करतो. चकती न सांगता मरते. वरून ती नवी कोरी दिसते, पण सुरुवातीचा थोडा भाग बिघडला की यंत्र संपूर्ण चकतीच नाकारते.

विदर्भातल्या माणसाला जुन्या कागदाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जात पडताळणीसाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींना विचारा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल पंजीतली आजोबांच्या जन्माची नोंद, बंदोबस्ताच्या वेळचे अधिकार अभिलेख, यांच्या नकला घेण्यासाठी ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. गावाच्या जंगलावरचा हक्क सांगायचा तर निस्तार पत्रक काढतात, तलावाच्या पाण्याचा वाद आला तर वाजिब-उल-अर्ज शोधतात. मालगुजारी १९५१ साली गेली. आपण मध्य प्रदेशातून १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. तीन राज्ये बदलली, तरी कागद बोलतो आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा महसुली दप्तरे, शाळांची रजिस्टरे, मोडीतली आणि उर्दूतली कागदपत्रे धुंडाळली गेली, आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे शासनाने जाहीर केले. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, या नोंदी सापडल्या त्या कागदावर. लिहिणारा गेला, राज्य गेले, लिपी वापरातून गेली, तरी वाचणारा मिळाला. शंभर वर्षांनी आपल्या नातवंडांची मुले अशी नोंद शोधायला निघतील तेव्हा आपण त्यांच्या हाती काय ठेवणार?

आता मराठीपुरता असलेला आणि म्हणूनच सोयीस्करपणे विसरला गेलेला मुद्दा. "सीडीत शब्द टाकून शोधता येतो" हे इंग्रजीबद्दल खरे होते. मराठीबद्दल ते सीडीच्या भरभराटीच्या काळात जवळपास खोटे होते. तेव्हा मराठी संगणकावर यायची ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शुषा अशा वेगवेगळ्या प्रणालींतून. प्रत्येकीची अक्षरजुळणी वेगळी. संगणकाच्या पोटात देवनागरी अक्षर नसायचेच. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवलेली असायची. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात असेल तर "शेतकरी" दिसे. नसेल तर तिथे रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा अर्थहीन पुंजका दिसे. अशा मजकुरात शोध कसला घ्यायचा? युनिकोड रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर पुस्तिका, अहवाल, स्मरणिका, योजनांची माहिती यांच्या किती चकत्या त्या जुन्या फॉन्टांत भरल्या गेल्या! आज नशिबाने ड्राइव्ह मिळाला, चकतीही जिवंत निघाली, फाइलही उघडली, तरी समोर मराठी येईलच असे नाही. कागदावर छापलेल्या मराठीला फॉन्ट लागत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला तो ग्रंथरूपाने छापला गेला, म्हणून आमच्या बोलीतला शब्द आज कोणालाही पान उलटून पाहता येतो. तोच कोश त्या काळी फक्त एखाद्या फॉन्टात चकतीवर निघाला असता, तर आमच्या बोलीवर मुके होण्याची पाळी आली असती. इंग्रजीच्या सोयीने घेतलेला निर्णय मराठीवर लादताना एकाही तज्ज्ञाला हे दिसू नये?

"प्रत मुळाबरहुकूम असते" या विधानाला तर इतिहासानेच उत्तर दिले आहे, आणि त्याचा संबंध आमच्या शेजारच्या वर्ध्याशी आहे. सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचे समग्र वाङ्मय भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५८ ते १९९४ या काळात शंभर इंग्रजी खंडांत छापले. के. स्वामिनाथन यांच्या संपादनाखाली उभे राहिलेले हे काम जगातल्या थोर संपादनकार्यांपैकी एक आहे. त्यानंतर त्याची सुधारित आवृत्ती आणि सीडी निघाली. सीडी आली म्हणजे आता शंभर खंड कोणाला हवेत, असेच तेव्हाही म्हटले गेले असेल. पण अभ्यासकांनी ताडून पाहिले तेव्हा नव्या आवृत्तीत शेकडो नोंदी गाळलेल्या आढळल्या, क्रम बदललेला आढळला. त्रिदीप सुहृद यांच्यासारख्या अभ्यासकांनी जाहीर आक्षेप घेतले आणि २००५ साली सरकारला ती सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली. हे उघडकीला कसे आले? जुना छापील संच देशभरच्या ग्रंथालयांत होता, म्हणून. पान पानाशी लावून पाहता आले, म्हणून. पुढे जी विश्वासार्ह इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तयार झाली तीही त्या जुन्या छापील खंडांवरूनच. समजा, सरकारने "आता सीडी आहे" म्हणून छापील संच रद्दीत काढले असते तर? गांधींनी काय लिहिले हे सांगायला शेवटी कोणती वस्तू साक्षीला उभी राहिली असती?

शंभर ठिकाणी विखुरलेल्या छापील प्रती कोणालाही एका रात्रीत बदलता येत नाहीत. छपाईची खरी ताकद ही आहे. ती फक्त वाचण्याची सोय नाही, सत्तेला दिलेला लगाम आहे. चकतीची नवी आवृत्ती काढून जुनी परत मागवता येते. संकेतस्थळावर तर परत मागवण्याचीही गरज नाही, एक फाइल बदलली की काम झाले आणि काल तिथे काय होते हे सांगायला कोणी उरत नाही.

कायद्यालाही चकतीचा भरवसा वाटत नाही. अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ रोजी पुराव्यादाखल दिलेल्या सीडी स्वीकारल्या नाहीत, कारण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशा नोंदीसाठी प्रमाणपत्र लागतेच. याउलट योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांहून जुना कागद अस्सल मानण्याची मुभा न्यायालयाला आहे. आणि १९५४चा ग्रंथ-प्रदान कायदा पाहा. देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. हा कायदा पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना लागू आहे. सीडी त्यात नाही. म्हणजे छापलेली पुस्तिका निदान चार ठिकाणी जपली जाण्याची कायदेशीर हमी आहे आणि चकतीवर काढलेल्या अहवालाला तशी एकही हमी नाही. जे जपण्याची सक्तीच नाही ते कायमचे जपले गेले, असे कोणत्या तोंडाने सांगता?

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा मुद्दा बोलणाऱ्याला फार वजनदार वाटतो पण तो पोकळ आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर चालला, आणि बांबू हे गवत आहे, तोडल्यावर पुन्हा फुटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचे नुकसान झाले ते लुटीमुळे, लोकांना त्यांच्या बांबूचा हक्क न दिल्यामुळे. २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला तो हक्क मिळाला, तेव्हा उपाय काय असतो ते दिसले. आणि चकती कशाची बनते? पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची. रद्दी घ्यायला माणूस दारात येतो, कागदाचा पुन्हा कागद होतो. मेलेल्या सीडीला भंगारवालाही हात लावत नाही. लाखो जाहिराती, फ्लेक्स आणि पत्रिका यांवर न बोलता फक्त जनगणनेच्या पुस्तिकेपाशी आल्यावरच झाडे आठवावीत, हे मला मान्य नाही.

मग येते ते सगळ्यांत जिव्हारी लागणारे विधान: "वाचतो कोण?" ग्रंथालये ओस आहेत, छापून धूळ खात पडणार, तेव्हा छापताच कशाला. मी या लोकांना अशोक विजयादशमीला आमच्याबरोबर नागपूरला येण्याचे आवाहन करतो. लाखनीहून, साकोलीहून, भंडाऱ्याहून माणसे दीक्षाभूमीला जातात आणि परतताना पिशवीत पुस्तके असतात. मजुरीच्या पैशांतून घेतलेली, छापील पुस्तके. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. या जिल्ह्याचे त्यांच्याशी नाते आहे. त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९पासून काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ते खंड पीडीएफच्या रूपात इंटरनेटवर फुकट मिळतात. "वाचतो कोण" आणि "सगळे मोबाइलवर आहे" ही दोन्ही विधाने खरी असती तर छापील खंडांची मागणी थांबायला हवी होती. घडले उलट. छपाई रखडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि डिसेंबर २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. फुकट फाइल हाताशी असताना लोक पैसे देऊन छापील खंड मागत होते, तो मिळत नाही म्हणून संतापत होते. पुस्तक घरात असते, दुसऱ्याला देता येते, त्यात खूण करता येते, आजीने वाचलेले नातीच्या हाती जाते. हे ज्याला कळत नाही त्याने लोक वाचत नाहीत असे म्हणू नये. १९७३पासून कालनिर्णय घराघरांत खिळ्याला लटकते आहे. त्याला चार्जिंग लागत नाही. कृषी विभागाचे "शेतकरी" मासिक गावात एकाकडे आले तरी अनेकांच्या हाती फिरते. लोकांना नको आहे ते न समजणाऱ्या भाषेतले, कधीही वेळेवर न पोहोचणारे छापील रद्दड. त्यावर उपाय चांगले छापणे हा आहे, छपाई बंद करणे हा नव्हे.

"ब्रिटानिकानेसुद्धा छपाई थांबवली" असाही दाखला दिला जातो. होय, २०१२ साली तशी घोषणा झाली. पण ज्या सीडीने ब्रिटानिकाला जेरीस आणले त्या मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टाचे काय झाले? १९९३ साली आला आणि २००९ साली बंद पडला. कागदाला संपवायला निघालेली चकती कागदी ब्रिटानिकाच्या आधी संपली, आणि ब्रिटानिकाच्या जुन्या छापील खंडांचे संच आजही कपाटांत आहेत. कागदविरहित समाजाचे भाकीत १९७८ साली जोरात मांडणारे ग्रंथालयशास्त्रज्ञ लँकेस्टर यांनीही पुढे, १९९९ साली, आपल्या त्या मताचा जाहीर फेरविचार केला. ज्याने हे स्वप्न दाखवले त्याला शंका आली, आपल्याकडच्या त्याच्या अनुयायांना अजून येत नाही.

शेवटचा बचाव असा असतो की सीडी जुनी झाली हे आम्हालाही मान्य, आता प्रश्नच उरला नाही, सगळे ऑनलाइन आहे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ज्या खात्रीने सीडी कायमची म्हणून सांगितली, त्याच खात्रीने आज लिंक कायमची म्हणून सांगायची, आणि मधल्या काळात जे हरवले त्याचा जबाब कोणीच द्यायचा नाही! १ ऑक्टोबर २०१५पासून भारताचे राजपत्रही कागदावर छापणे बंद झाले. तेव्हापासून ते फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघते. केंद्राच्या २०१२च्या माहिती अधिकार नियमांत माहितीच्या कागदी पानाला दोन रुपये आणि फ्लॉपीला पन्नास रुपये असा दर लिहिला आहे. त्या नियमांतले दोन रुपयांचे पान आजही मागता येते आणि मिळते. पन्नास रुपयांची फ्लॉपी आज कोण देणार, आणि दिली तर कशात घालून वाचणार? माहिती साठवण्याचे साधन दर दहा वर्षांनी बदलते, आणि प्रत्येक बदलात माहितीचा एक भाग गळतो. गळतो तो नेहमी लहान गावांचा, लहान बोलींचा, कोणी मागे न लागणाऱ्यांचा. मोठ्यांचे जपायला माणसे असतात.

म्हणून मागणी नेमकी करतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने लोकांपर्यंत पोहोचवावी. लाखनी तालुक्यात तो मार्ग छापील मराठी पुस्तिकेचा आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या दिनांकाची आहे. गणक या वेळी मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरणार आहेत. भरू देत, गोळा करायला यंत्र चांगलेच. पण परत देताना प्रत्येक तालुक्याची गाववार पुस्तिका मराठीत छापली पाहिजे. एका तालुक्याला मोठा ग्रंथ लागत नाही, शाळेच्या वहीएवढी पुस्तिका पुरते. ती प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात गेली पाहिजे. १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात दुरुस्ती करून, इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या प्रत्येक शासकीय प्रकाशनाची एक कागदी प्रत त्या चार ग्रंथालयांत आणि एक प्रत ज्या जिल्ह्याची माहिती आहे त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात देणे सक्तीचे केले पाहिजे. भंडाऱ्याचे गॅझेटिअर, गोंदिया वेगळा झाल्यानंतरच्या जिल्ह्याचे, नव्याने लिहून मराठीत छापले पाहिजे. १९७९चे चित्र आता पुरे पडत नाही. आणि ती जनगणनेची पुस्तिका आली की पहिल्या ग्रामसभेत गावाचे पान मोठ्याने वाचले पाहिजे, म्हणजे आमच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी, आमची शाळा आणि आमची माणसे त्यात जिथे चुकीची मोजली असतील तिथे गावाला उभे राहून हरकत घेता येईल.